सावत्र भाऊ-बहीण : साक्षीतल्या एका बारक्या रेघेचं प्रकरण

जिल्हा कोर्टासमोरच्या गल्लीत माझं टायपिंग आणि भाषांतराचं छोटंसं दुकान आहे. हायकोर्टात सेकंड अपील लावायचं म्हटलं की खालच्या कोर्टातले मराठी कागद, म्हणजे साक्षी, दाखले, जुने दस्त, सगळं इंग्रजीत करून जोडावं लागतं आणि इथल्या पाचसहा वकिलांचं ते काम माझ्याकडे येतं. हे प्रकरणही तसंच आलं, एका ज्युनियर वकिलाच्या पिशवीतून, "ताई चारशे पानं आहेत, पुढच्या सोमवारपर्यंत झालं पाहिजे" असं नेहमीचं म्हणत. गाव, सालं आणि जमिनीचे आकडे मी इथे मुद्दाम मागेपुढे केलेत, नावं तर देतच नाही. नाती आणि ते एक वाक्य मात्र होतं तसंच ठेवलंय कारण सगळी भानगड त्या वाक्यात आहे.

मयत माणूस एसटीत कंडक्टर. लग्न केलेलं नव्हतं, २०१५ साली नोकरीत असतानाच हार्ट अटॅकने गेला. स्वतःच्या पगारातून घेतलेली दीड एकर म्हणजे ६० गुंठे जमीन आणि दोन खोल्यांचं घर, एवढं मागे राहिलं. मृत्युपत्र नाही. आईवडील आधीच गेलेले. राहिले एक भाऊ आणि एक बहीण. आता बापाची लग्नं दोन, पहिली बायको वारली म्हणून दुसरी केलेली. भाऊ पहिलीचा आणि मयत दुसरीचा, यावर कुणाचंच भांडण नाही. भांडण बहिणीवरून, ती कुठलीची? ती म्हणते मी दुसरीची, म्हणजे मयताची सख्खी आणि या भावाची सावत्र. भाऊ म्हणतो छे, ही माझ्याच आईची, माझी सख्खी बहीण, आणि मयताला आम्ही दोघंही सावत्र. म्हणजे बघा, बहिणीला कोर्टात "माझी सख्खी" म्हणायचं आणि त्यानेच तिचा हिस्सा अर्ध्यावर आणायचा, असा उलटा प्रकार. इतक्या वर्षांच्या कामात सख्खं म्हणवून घ्यायला नकार देणारी बहीण मी ही एकच पाहिली.

हिस्सा अर्ध्यावर कसा येतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला, बायको-मुलं-आई नाहीत, म्हणजे वर्ग एकचं, वारसांच्या पहिल्या फळीतलं, कोणी नाही, मग वर्ग दोन म्हणजे दुसरी फळी बघायची. त्यात आधी बाप, तो नसेल तर पुढच्या नोंदीत भाऊ आणि बहीण एकाच पायरीवर. पण कलम १८ म्हणतं की बाकी नातं सारखंच असेल तर सख्खा वारस सावत्राच्या आधी. म्हणजे बहीण सख्खी ठरली तर सगळे ६० गुंठे आणि घर तिचं, सावत्र भावाला शून्य. दोघं सावत्र ठरले तर निम्मं-निम्मं. मधलं काही नाही.

आणि पुरावा काय? जन्माची नोंद नाही, बाळंतपण माहेरी झालेलं आणि तिथेही कोणी नोंदवलं नाही. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव, आईचं नाव लिहायची तेव्हा पद्धतच नव्हती, आणि जन्मतारीख १ जून १९६०. ती १ जून म्हटल्यावर आपल्याकडे कोणाला काही सांगायला नको, अख्ख्या महाराष्ट्रात त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलेला आहे. दुसरं लग्न कधी झालं तर "पानशेत फुटलं तवा, आगंमागं". पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. आगंमागं म्हणजे आधी की नंतर? बहिणीची तारीख खरी धरली आणि लग्न पानशेतच्या आधी दोन वर्षं धरलं तर ती दुसरीची, लग्न पानशेतनंतरचं धरलं तर ती पहिलीची. आगेमागे हा शब्दच असा की त्यात दोन्ही आहे.

म्हणून सगळा भार आला शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांवर. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही बायका पाहिलेले, घरात जाणं-येणं असलेले. असा माणूस नात्याबद्दल साक्ष देऊ शकतो, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ५० मध्ये ते होतंच. बाबा बहिणीच्या बाजूचे साक्षीदार. दिवाणी दाव्यात २००२ पासून सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूने दिलेली पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावरच होते, वकिलाने टाईप करून आणायची, साक्षीदाराने सही करायची. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, "मयतास एक सावत्र भाऊ व एक सख्खी बहीण आहे." व आहे, एक एक आहे, सख्खी आहे. कुठेही शंका नाही.

उलटतपास झाला २०१८ मध्ये. आणि त्यात हे वाक्य आलं:

"हे खरे आहे की, मयतास सावत्र भाऊ-बहीण होते."

झालं.

माझ्या हातात सर्टिफाईड कॉपी होती. मी आधी सरळ वाचत गेले, मनातल्या मनात इंग्रजी करत गेले, आणि या ओळीवर अडकले कारण सरतपासणीचं पान दहा मिनिटांपूर्वीच टाईप केलं होतं. साक्षीदार फिरला असं एकदम वाटलं, तसं होतंही, उलटतपासात भलेभले फिरतात. पण मागची-पुढची वाक्यं बघितली तर बाबा कुठेच फिरलेले नाहीत. "हे म्हणणे खरे नाही की, वादी ही पहिल्या पत्नीची मुलगी आहे" असं पुढच्याच पानावर आहे! मग हे मधलं एकच वाक्य असं कसं?

## रेघ काय करते

मराठीत भाऊ-बहीण, आई-वडील, सासू-सासरे हे द्वंद्व समास. शाळेत शिकलेलं असतं की पदं फोडताना आणि, व वापरतात, लिहिताना मध्ये संयोगचिन्ह देतात किंवा जोडून लिहितात. इथवर सोपं. गंमत सुरू होते पुढे विशेषण लागलं की. "सावत्र भाऊ-बहीण" मध्ये रेघेने आधी भाऊ आणि बहीण यांची मोळी बांधली, मग सावत्र त्या अख्ख्या मोळीला लागलं. दोघं सावत्र. "सावत्र भाऊ, बहीण" असं लिहिलं तर सावत्र हे भावाजवळच थांबतं, बहीण सुटी राहते. आणि काहीच न देता "सावत्र भाऊ बहीण" असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनावर.

आता कोणी म्हणेल क्रियापद बघा, होते आहे म्हणजे दोघं एकत्र. पण "सावत्र भाऊ आणि सख्खी बहीण होते" यातही होतेच येणार, माणसं दोन आहेत ना. म्हणजे होते काही सांगत नाही.

मराठीने इथे आणखी एक खोडी करून ठेवलीय. सख्खा हा शब्द बदलतो, सख्खा भाऊ, सख्खी बहीण, त्यामुळे तो कोणाला लागलाय ते लगेच कळतं. सावत्र बदलत नाही. सावत्र भाऊ, सावत्र बहीण, सावत्र मूल, सगळीकडे तोच. चुलत, मावस तसेच न बदलणारे, पण ते बऱ्याचदा चिकटूनच येतात, चुलतभाऊ, मावसबहीण, मामेभाऊ, आतेबहीण, आणि मामे-आते तर सुटे वापरताच येत नाहीत. सावत्र मात्र सुटा राहतो आणि बदलतही नाही, म्हणून पुढे दोन नाती आली की तो कुठपर्यंत पसरला हे फक्त आवाजातल्या थांब्यावरून कळतं, आणि तो थांबा कागदावर आणायचं काम रेघ नाहीतर स्वल्पविराम करतो.

हाच घोळ कौटुंबिक छळाच्या फिर्यादीत नेहमी होतो. "चुलत सासू-सासऱ्यांनी त्रास दिला" असं टाईप झालं की नवऱ्याचे चुलते आणि चुलती आरोपी. बाईला म्हणायचं असतं चुलत सासूने आणि माझ्या सासऱ्यांनी. एका रेघेत खरा सासरा सुटतो आणि बिचारा चुलत सासरा अडकतो.

नियम शोधायला जाल तर फारसं हाताला लागत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ चे १४ आणि १९७२ ला आणखी ४ असे १८, ते अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घातच जास्त रमलेत, संयोगचिन्हाचा वेगळा नियम त्यात नाही. समासाचा उल्लेख येतो तो पहिलं पद ऱ्हस्व की दीर्घ एवढ्यापुरता, आणि तिथेही आपलं सरकारच "भूमि अभिलेख" असं लिहितं, शब्द सुटे पण भूमि ऱ्हस्व, म्हणजे समासही आणि नाहीही. मुळात विरामचिन्हं मराठीत रुळवली मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात, त्याआधीच्या मोडी दस्तांत शब्द सुटे लिहायचीही पद्धत नव्हती, अख्खी ओळ एका दमात. जमिनीचे जुने कागद वाचताना आम्ही अजून त्याची फळं भोगतोय. टायपिंगच्या परीक्षेत, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या मराठीच्या, वेग बघतात आणि चुका मोजतात, भाऊ-बहीण मध्ये रेघ कधी द्यायची नाही हे कोणी शिकवत नाही. मी स्वतः आठ वर्षं क्लासमध्ये शिकवलं आणि मीही कधी शिकवलं नाही.

## कोणाच्या तोंडचं वाक्य

माझं डोकं खरं फिरलं ते नंतर. ज्युनियर वकिलाला फोन केला, म्हटलं उलटतपासाच्या दिवशीच्या तुमच्या टिपणाची वही आहे का. होती, सिनियरांनी सगळ्या जपून ठेवलेल्या. त्याने पानाचा फोटो पाठवला. घाईतलं अक्षर, पण वाचता येत होतं. समोरच्या वकिलाने विचारलेलं, सावत्र भाऊ बहीण होते ना मयताला? आणि उत्तर: होता की, बहीण बी होती.

हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसले. बाबांनी उत्तर देताना दोन तुकडे केलेत! होता की, हे भावाबद्दल, पुल्लिंगी एकवचनी. बहीण बी होती, हे वेगळं, तिला सावत्र म्हटलेलंच नाही. खेड्यातल्या माणसाने व्याकरण न शिकता जेवढं स्पष्ट सांगता येईल तेवढं सांगितलं होतं.

पण आपल्या कोर्टात साक्ष प्रश्नोत्तरात लिहीत नाहीत. वकील विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश दोन्हीचं मिळून एक विधान करतात आणि ते स्टेनोला सांगतात, स्टेनो ते कॉम्प्युटरवर टाकते. म्हणून तर प्रत्येक वाक्याची सुरुवात "हे खरे आहे की" किंवा "हे म्हणणे खरे नाही की". त्यात वकिलाचे शब्द साक्षीदाराच्या तोंडी जातात, आणि हे गैर नाही, अशीच पद्धत आहे, नाहीतर एकेक साक्ष आठवडाभर चालेल. पण मग "सावत्र भाऊ-बहीण" हे शब्द कोणाचे? प्रश्न वकिलाचा, होकार साक्षीदाराचा, वाक्य न्यायाधीशांचं आणि रेघ स्टेनोची. चार माणसांनी मिळून केलेलं वाक्य आणि खाली अंगठा बाबांचा.

स्टेनोबाईंना मी दोष देत नाही. भाऊ-बहीण, सासू-सासरे, दीर-नणंद हे शब्द दिवसातून पन्नास वेळा टाईप होतात, रेघेसकट बोटात बसलेले असतात. न्यायाधीश सांगताना "येथे संयोगचिन्ह" असं कोणी सांगत नाही. टायपिस्ट लोकांत तर संयोगचिन्ह हा शब्दही नाही, सगळ्याला डॅश म्हणतात.

बरं, साक्ष वाचून दाखवतात की. बाबांनाही दाखवली असणार, खाली नेहमीचं "वाचून दाखविले, बरोबर आहे" होतंच. पण रेघ वाचता येते का? मोठ्याने वाचून बघा, सावत्र भाऊ-बहीण होते आणि सावत्र भाऊ बहीण होते. कानाला काही फरक? बाबांनी ऐकलं, त्यांना आपलंच उत्तर ऐकू आलं, अंगठा दिला. बहिणीच्या वकिलांनाही तेच ऐकू आलं, म्हणून त्यांनी फेरतपासणी, म्हणजे खुलाशासाठी पुन्हा प्रश्न, घेतली नाही. कोर्टाच्या खोलीत त्या दिवशी काहीच चुकलं नव्हतं. चूक झाली ती कागदावर, आणि कागद कोणी ऐकत नाही.

खरं तर सोय आहे कायद्यात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १८ नियम १०, एखादा विशिष्ट प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या असं कोर्टाला सांगता येतं, कारण दिसलं तर कोर्ट घेतं. नात्याच्या दाव्यात नात्याचा प्रश्न आला की वकिलाने उठून एवढं म्हणायला काय हरकत होती, पण त्या क्षणी कोणाला कळतं की इथे रेघ पडणार आहे.

## चार कागद, चार रूपं

पुढची गंमत मी चारही कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसली. सरतपासणीत "एक सावत्र भाऊ व एक सख्खी बहीण". उलटतपासात "सावत्र भाऊ-बहीण". २०१९ च्या निकालपत्रात न्यायाधीशांनी म्हटलं की साक्षीदाराने उलटतपासात कबूल केलंय, आणि तिथे शब्द झाला "सावत्र भाऊबहीण", रेघ गेली, जोडला. जिल्हा न्यायालयाने २०२२ मध्ये अपील फेटाळलं तेव्हा "सावत्र भावंडे". म्हणजे फोडायला जागाच उरली नाही, भावंडे या शब्दात चाकू कुठे घालणार? बोलताना दोन तुकडे होते, शेवटी एकच गोळा, आणि प्रत्येकाने आधीच्याचं प्रामाणिकपणे पुढे नेलंय, कोणी काही मुद्दाम केलेलं नाही.

निकालाला हे एकच कारण नव्हतं हे सांगायला हवं. दाखल्याची तारीख, पानशेत, बहिणीनेच तिची बाजू सिद्ध करायची हे तत्त्व, सगळं होतं. पण कबुली ही कबुली, ती सगळ्यात वजनदार विटेसारखी मधोमध बसवलेली.

सिनियर वकिलांनी युक्तिवादाच्या वेळी, २०१९ मध्ये, ती रेघ बघितली होती असं ज्युनियर म्हणाला. तेव्हा बाबा हयात होते. त्याच आदेश १८ च्या नियम १७ खाली साक्षीदाराला परत बोलवायचा अर्ज देता आला असता, दिला नाही, एवढ्याशा डॅशवर काय जातंय असं वाटलं. २०२१ मध्ये बाबा गेले. लेखनातली चूक दुरुस्त करायचं त्याच संहितेतलं कलम १५२ निकाल, हुकूमनामा, आदेश यांच्यासाठी, साक्षीसाठी ते नाही. फौजदारीत निदान असं आहे की साक्षीदाराने वाचून दाखवताना हरकत घेतली तर न्यायाधीश त्या हरकतीची नोंद करून ठेवू शकतात, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २७८ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३१३. पण हरकत घ्यायला ती रेघ ऐकू यायला हवी ना.

इथे थोडं विषयांतर, पण राहवत नाही. जोडशब्दांनी फिर्यादी किती भरलेल्या असतात बघा. "लाथाबुक्क्यांनी मारहाण" हा तर ठाण्यातला छापाच आहे, बुक्कीच मारली असली तरी लाथ आपोआप येते, आणि मग उलटतपासात वकील विचारतो लाथ कोणी मारली, कुठल्या पायाने, आणि फिर्यादी गोंधळून म्हणतो लाथ नाय मारली साहेब. झाली विसंगती! "चहापाणी" जोडून लिहिलं तर लाच, "चहा, पाणी" सुटं लिहिलं तर पाहुणचार. आणि "जिवाचं बरंवाईट" मध्ये बरं काही नसतंच, तिथे फोडून "बरे व वाईट" कोणी भाषांतर केलं तर हसावं की रडावं, मी असं भाषांतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे रेघ द्यायची की जोडायचं की सोडायचं हा शुद्धलेखनाचा प्रश्न असतो लग्नपत्रिकेत, साक्षीत तो अर्थाचा असतो.

## मी काय केलं

आता माझ्यासमोर इंग्रजीचा प्रश्न. आणि तिथे दुसराच खड्डा निघाला. मराठीत सावत्र एकच, इंग्रजीत त्याची दोन नाती होतात. बाप एक आणि आया वेगळ्या तर हाफ-ब्रदर. नुसतं आईबापाच्या लग्नामुळे झालेला, रक्ताचं काही नाही, तो स्टेपब्रदर. सवयीने मी स्टेपब्रदर टाईप केलं असतं तर माझ्या भाषांतरात त्या भावाचं रक्ताचं नातंच पुसलं गेलं असतं, कलम १८ सोडा, तो वारसच राहिला नसता. समोरच्या वकिलाने मला फाडून खाल्लं असतं आणि बरोबर केलं असतं. ब्रिटिश शब्दकोशांत हाफ-ब्रदर रेघेने असतो आणि स्टेपब्रदर जोडून, कायद्यात नाम म्हणून हाफ ब्लड सुटं लिहिलंय, पण तेच विशेषण करून ब्रदरच्या आधी लावलं की मध्ये रेघ द्यावी लागते. इंग्रजीत निदान एवढा तरी दंडक आहे, नामाच्या आधी जोडविशेषण आलं की रेघ, नामानंतर आलं की बहुतेक वेळा नाही.

तर मी लिहू काय? हाफ-ब्रदर अँड सिस्टर लिहिलं तर मराठीतली संदिग्धता येते, पण कागदावर संदिग्धता नाहीच, कागदावर रेघ आहे. हाफ-ब्रदर अँड हाफ-सिस्टर लिहिलं तर कागदाशी इमान राहतं आणि बाबांशी बेइमानी होते. ज्युनियरचं म्हणणं, ताई पहिलं लिहा ना, आपल्याला सोयीचं आहे. मी म्हटलं छे, नाही. माझ्याकडे वहीचा फोटो आहे म्हणून मला खरं काय ते माहीत असेल, पण वही पुरावा नाही, आणि मला साक्ष दुरुस्त करायची नाही, भाषांतर करायचंय. स्टेनोने नकळत अर्थ लावला म्हणून हे सगळं झालं, आता मी कळून-सवरून लावू?

शेवटी मजकुरात रेघेप्रमाणे दोघांना हाफ लावलं आणि खाली भाषांतरकाराची टीप टाकली: मूळ मराठीत सावत्र हे विशेषण एकदाच आहे, पुढच्या दोन नामांमध्ये संयोगचिन्ह आहे, रेघेमुळे विशेषण दोन्हीला लागते, रेघ नसल्यास फक्त पहिल्याला लागू शकते, आणि उच्चारात हा फरक कळत नाही. चार ओळी. त्यात मत नाही, माहिती आहे. सिनियर वकिलांनी ती वाचून मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले ही टीप मला २०१९ ला पाहिजे होती.

आता माझ्याकडे क्लासच्या जुन्या विद्यार्थिनी येतात, दोघी कोर्टात स्टेनो आहेत, त्यांना मी सांगते ते एवढंच. जोडीच्या आधी विशेषण किंवा आकडा नसेल तर रेघ द्या, जोडा, काही करा, आई-वडील कसेही लिहिले तरी आई-वडीलच राहतात. पण आधी सावत्र, चुलत, मयत, दत्तक असं न बदलणारं काही आलं की हात थांबवायचा. मयत भाऊ-बहीण, दत्तक मुलगा-मुलगी, सगळीकडे तोच सापळा. तिथे आपल्या मनाने रेघही नाही आणि स्वल्पविरामही नाही, कारण स्वल्पविराम हाही अर्थच लावतो, फक्त दुसऱ्या बाजूने. मान वर करून साहेबांना विचारायचं, सर दोघंही सावत्र का? साहेब साक्षीदाराला विचारतील. अर्ध्या मिनिटाचं काम. एकीने मला सांगितलं की मॅडम तेवढं विचारायची हिंमत व्हायला दोन वर्षं लागतात, तेही खरंच आहे.

आकड्यांचंही तेच, फार लांबवत नाही, पण "गट नंबर २१४-२१७" असं टाईप झालेली साक्ष माझ्याकडे आलीय, त्यात गट दोन की चार हे शोधायला मला सातबारे काढायला लावले. दोन निघाले.

सेकंड अपील दाखल झालं, पण त्या रेघेवर हायकोर्ट काय म्हणतं हे कळायची वेळच आली नाही. मधल्या काळात भावाच्या मुलाचं लग्न ठरलं, आत्या आल्याशिवाय हळद कशी लावायची यावरून घरात बोलणं सुरू झालं, आणि चार महिन्यांत तडजोड. बहिणीला ४० गुंठे आणि घर, भावाला २० गुंठे. तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, मराठीतच होती, तिचंही भाषांतर माझ्याकडेच आलं. पहिलीच ओळ, "वादी व प्रतिवादी हे नात्याने बहीणभाऊ असून". जोडून, मध्ये रेघ नाही, आणि आधी सावत्रही नाही, सख्खेही नाही. मी ज्युनियरला विचारलं, हे मुद्दाम असं ठेवलंत का? तो म्हणाला नाही ताई, टायपिस्टने टाकलंय, का, काही चुकलंय का?